इन्स्पेक्टरसाहेब, आधी नेमप्लेट बघा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्रेशर व्हेसल (आतला दाब सोसणारी टाकी) तपासायला निघालात ना? मग सकाळीच कशाला पोहोचता? दांडिया बाजारातून शेव-उसळ खाऊन, वर जादा तरी घेऊन, सावकाश निघा.

वर्कशॉपवर पहिली नजर नेमप्लेटवर टाका. एखादा स्क्रू तिरका असतोच. लिहून घ्या. मग रंगाचा एक ओघळ, एक ओरखडा. तीन शेरे झाले की रिपोर्टला वजन येतं, आणि कंपनीही खूश, कारण हे शेरे संध्याकाळपर्यंत मिटवता येतात. नोझलच्या (टाकीला जोडलेल्या नळीच्या तोंडाच्या) मुळाशी वेल्ड नीट धरलंय का, हे बघायला वाकावं लागतं, टॉर्च-आरसा लागतो. तिथे काही निघालं तर माल अडतो, आणि ट्रेलर तर गेटवर उभा. कुणाचा दिवस का नासवा?

डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रवाने वेल्डमधल्या भेगा शोधायची तपासणी, मात्र साग्रसंगीत करवून घ्या. लाल द्रव भेगेत मुरायला दहा-एक मिनिटं द्यायची असतात. तुम्ही चहा यायच्या आत पुसायला सांगा. पुसणंसुद्धा क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने, हलक्या हाताने, असं प्रोसिजरमध्ये छापलेलं असतं. छापणाऱ्यांचं काय जातं! थेट वेल्डवर क्लीनरचा फवारा मारू द्या. भेगेतला लाल रंगही धुऊन निघतो आणि वर डेव्हलपर (भेगेतला रंग बाहेर खेचून दाखवणारी पांढरी पूड) मारला की वेल्ड कसं दुधासारखं पांढरं दिसतं. फोटो तेव्हाच काढा.

कुणी आगाऊ माणूस 1989 सालचा अमेरिकेतल्या सू सिटीचा विमान अपघात काढेल. डीसी-10च्या शेपटीकडच्या इंजिनातली फॅन डिस्क उडताना फुटली, शंभरावर माणसं गेली. चौकशीत निघालं, की आदल्या तपासणीच्या वेळीच डिस्कला भेग होती. तपासणीही डीपीच्याच जातीची, फक्त द्रव अतिनील प्रकाशात चमकणारा. त्याला विचारा, ‘पण तपासणी झाली होती ना?’ गप्प बसेल.

हायड्रो टेस्टच्या (टाकीत दाबाने पाणी भरून गळती बघायच्या) आधीच रंग मारून ठेवलाय? हरकत घेऊ नका. बारीक गळती रंगाखाली दबू शकते म्हणतात, पण चकाकी बघा की!

आता सही. पुढे क्लायंटचा माणूस येणार आहे, ही खात्री मनात असू द्या. काही राहिलं असेल तर तो बघेल. तोही तुमची सही बघूनच निर्धास्त होणार आहे. तेव्हा खाली त्याच्यापुरती जागा सोडा.