सोमवारी सकाळी परत तेच

थिन क्लायंटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-डब्यांसाठी, सर्व्हर उभा केला तो कशासाठी, तर साठ डब्यांपुढे एकेकदा बसून सेटिंग भरावं लागू नये म्हणून. डबा चालू झाला की डीएचसीपीच्या (नेटवर्कवर प्रत्येक मशीनला पत्ता आणि सेटिंग वाटणारी सेवा) ऑप्शन 161 मधून फाइल सर्व्हरचा पत्ता घेतो, 162 मधून फोल्डर, मग आयएनआय फाइल (सेटिंग लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) वाचतो आणि स्वतःच तयार होतो, इतकं सरळ आहे हो! पण आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी डीएचसीपीचा स्कोप (वाटायच्या पत्त्यांची रेंज) नव्याने बनवतं, ते दोन ऑप्शन टाकायचे राहतात, आणि मी अर्धा दिवस सर्व्हरमध्येच चूक शोधत बसतो.

यावेळी तर कहर झाला. कुणीतरी बॅकअपमधून जुनं फर्मवेअर (डब्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) त्याच फोल्डरवर चढवलं, आयएनआयमध्ये ऑटोलोड=1 होतं, म्हणजे व्हर्जन जुनं असलं तरी डबा ते उचलतो. सकाळी नऊला अख्खा मजला एकदम डाउनग्रेड, लोक चहाचे कप घेऊन माझ्या टेबलाभोवती उभे. ऑटोलोड=2 केलं असतं तर फक्त वरचं व्हर्जन घेतलं असतं, हे मी मेलवर तीनदा लिहिलंय, तीनदा! फोल्डरला हात लावण्याआधी एक फोन करा ना, एवढंच मागतोय.