टाइप-सीच्या आकारावरून डॉक ठरत नाही

जळगाव, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातील हिशेबनीस आणि कर सल्लागार यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असले की कोणताही डॉक (एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि वीज जोडणारी पेटी) चालतो, केबलही कोणतीही चालते, दोन फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्राचे, मॉनिटर पूर्ण क्षमतेने लागतात आणि डॉकवर 100 वॅट लिहिलेले असेल तर लॅपटॉपचा चार्जर घरी ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. शेवटी एक इशाराही आहे, की लॅपटॉप दिवसभर डॉकला जोडून ठेवल्यास बॅटरी फुगते. या संदेशावर विसंबून घेतलेले काही डॉक ‘बिघडले’ म्हणून माझ्या टेबलावर आले आणि त्यांतील एकही बिघडलेला नव्हता, म्हणून मुद्देनिहाय उत्तर देणे भाग आहे.

कोणताही डॉक चालतो, हे विधान मुळातच चुकीचे आहे. टाइप-सी हे 2014 साली आलेल्या एका जोडणीच्या आकाराचे नाव आहे. त्या आकारातून काय काय बाहेर पडेल, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. चित्र बाहेर पाठवण्याच्या सोयीला डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड म्हणतात आणि ती देणे कंपनीवर बंधनकारक नाही, त्यामुळे स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदा टाइप-सी केवळ डेटापुरते असते. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचा विजेसारखा बाण दिसला तर चित्राची खात्री धरता येते. काहीच नसेल तर दुकानात जाण्यापूर्वी आपल्या मॉडेलची तांत्रिक माहिती वाचावी. ज्यांच्या पोर्टात ही सोय नाही त्यांच्यासाठी डिस्प्लेलिंक चिपचे डॉक मिळतात. ते चित्र कॉम्प्रेस करून साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवतात, मात्र त्यासाठी लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर नावाचे छोटे सॉफ्टवेअर लागते आणि प्रोसेसरवर भार पडतो. टॅली आणि एक्सेलसाठी ते पुरेसे आहेत, व्हिडिओ संपादनासाठी मी ते सुचवणार नाही.

केबलबाबत अमळनेरच्या एका कचेरीतले उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथे माऊस चालत होता, कीबोर्ड चालत होता, पेनड्राइव्हही दिसत होता, परंतु दोन्ही मॉनिटर काळे होते. डॉकसोबत आलेली केबल आखूड पडली म्हणून कोणीतरी मोबाइलच्या चार्जरची लांब केबल लावली होती. अशा बहुतेक केबलींत वीज आणि यूएसबी 2.0 एवढ्यापुरत्याच तारा असतात, चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या नसतातच. दोन्ही टोके सारखी दिसत असल्याने संशयही येत नाही. मूळ केबल लावून डॉक लॅपटॉपच्या जवळ सरकवला आणि काम झाले. त्याआधी नवा डॉक मागवण्याची तयारी झाली होती!

दोन फोर-के मॉनिटरचा दावा थोडे गणित मांडून तपासावा लागतो. टाइप-सीमध्ये वेगवान वाटा चार असतात. त्या चारही चित्राला दिल्या तर डेटासाठी यूएसबी 2.0 ची 480 मेगाबिटचीच वाट उरते, म्हणून बरेच डॉक दोन वाटा चित्राला आणि दोन डेटाला देतात. डिस्प्लेपोर्टची 1.2 ही जुनी आवृत्ती असलेल्या लॅपटॉपवर अशा दोन वाटांतून सेकंदाला 8.64 गिगाबिट एवढेच चित्र जाते, तर 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या, एका फोर-के मॉनिटरला साधारण साडेबारा गिगाबिट लागतात. परिणामी तोच मॉनिटर 30 हर्ट्झवर उतरतो आणि माऊसचा बाण चिखलातून ओढत नेल्यासारखा अडखळत चालतो. नव्या यंत्रांत वाटा अधिक वेगवान असतात, थंडरबोल्ट 4 मध्ये तर दोन फोर-के मॉनिटरची सोय सक्तीचीच आहे, म्हणजे दावा काही लॅपटॉपांपुरता खरा आहे, सर्वांसाठी नाही. आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत मॉनिटर फुल एचडी असतात. त्यांना प्रत्येकी सुमारे साडेतीन गिगाबिट पुरतात, त्यामुळे एकावर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल उघडणाऱ्याला महागडा डॉक लागत नाही. मॅकबुक वापरणाऱ्यांनी मात्र सावध असावे. एम1 आणि एम2 या मूळ चिपांवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, आणि एका वाटेवरून दोन स्वतंत्र चित्रे देणारी एमएसटी पद्धत मॅकओएस मानत नसल्याने तशा डॉकवर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते.

डॉकवरील 100 वॅट हा पुष्कळदा आत येणाऱ्या विजेचा आकडा असतो. डॉक स्वतःसाठी काही वीज राखून ठेवतो आणि लॅपटॉपला 85 वॅटच्या आसपास देतो. हलक्या लॅपटॉपला तेवढी वीज भरपूर झाली, पण स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाच्या यंत्राची बॅटरी डॉकला जोडलेली असतानाही हळूहळू उतरू शकते. शिवाय 60 वॅटपेक्षा अधिक वीज न्यायची तर केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असावी लागते.

बॅटरी फुगण्याचा दोष डॉकवर टाकणे अन्यायाचे आहे. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था मानवत नाही, मग वीज डॉकमधून येवो की चार्जरमधून. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखाली, फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवलेला लॅपटॉप डॉक नसतानाही तापणारच. अनेक लॅपटॉपांत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी.

संदेशात नसलेली, पण आपल्या भागात अधिक महत्त्वाची गोष्ट लाइट जाण्याची आहे. लाइट गेल्यावर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, परंतु अडॅप्टरवर चालणारा डॉक बंद पडतो आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क बॅकअप चालू असतानाच तुटते. म्हणून डॉकचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर बॅकअपची डिस्क थेट लॅपटॉपलाच लावावी.