दोना पावलाने उडी मारलेली नाही

नाताळच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीत ‘गोव्यातली झपाटलेली ठिकाणं’ ही मराठी पोस्ट व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागते. तिच्यात सगळ्यात वर असतं पणजीजवळचं दोना पावला. मजकूर थोडक्यात असा: दोना पावला ही पोर्तुगीज व्हाइसरॉयची मुलगी, काबो या समुद्रात शिरलेल्या टोकावरच्या राजवाड्यात राहायची. गास्पार दियश नावाच्या कोळ्यावर तिचं प्रेम बसलं. बापाने लग्नाला नकार दिला म्हणून तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली. आजही चांदण्या रात्री ती लाटांतून वर येते, अंगावर फक्त मोत्यांची माळ. जेटीवरचा पांढरा पुतळा तिचा आणि तिच्या प्रियकराचा.

मी पणजीकर आहे. बाहेरून आलेले पाहुणे दोना पावलाला गेले की पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि आता आपल्याच घरातली मुलंही हेच खरं धरून चालतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी बाई कोण होती ते बघू. दोना पावला आमाराल आंतोनियु द सोतोमायोर हे तिचं पूर्ण नाव. ती गोव्याच्या व्हाइसरॉयची मुलगी नव्हती. तिचे वडील श्रीलंकेतल्या जाफनापट्टणचे पोर्तुगीज अधिकारी. १६४४ मध्ये हे कुटुंब गोव्यात आलं. १६५६ मध्ये तिचं लग्न दों आंतोनियु द सोतोमायोर या स्पॅनिश गृहस्थाशी झालं. घर जमीनजुमल्याचं होतं, आज ज्याला आपण दोना पावला म्हणतो तो भाग त्यांच्या मालकीचा. १६ डिसेंबर १६८२ ला ती वारली. मराठी वाचकाला काळ चटकन लक्षात यावा म्हणून सांगतो, संभाजी महाराजांनी फोंड्याला पोर्तुगीजांना पळवून लावलं ते १६८३ मध्ये, म्हणजे ती गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. बापाने लग्न नाकारलेली कोवळी पोर आणि लग्नानंतर सव्वीस वर्षांनी वारलेली प्रौढ बाई, या दोघी एक असूच शकत नाहीत.

आता उडी. दोना पावलाचं थडगं राजभवनाच्या आवारातल्या काबोच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आहे. हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. आत्महत्या केलेल्या माणसाला त्या काळी कॅथलिक चर्च धर्मविधीने दफन नाकारत असे. कपेलात जागा मिळणं ही तर मानाची गोष्ट, ती घराण्याला आणि मृताच्या लौकिकाला बघून मिळे. ज्या समाजात अशा मरणाला पवित्र जमीन मिळत नव्हती, त्या समाजाने कड्यावरून उडी मारलेल्या बाईला कपेलात जागा दिली, हे पटण्यासारखं नाही.

पोस्टमधल्या राजवाड्याचंही तेच. तिच्या हयातीत व्हाइसरॉयचं वास्तव्य जुन्या गोव्यात होतं. काबोच्या टोकावर तेव्हा फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा मठ होता. ती वास्तू गव्हर्नरांच्या राहण्यासाठी आली ती एकोणिसाव्या शतकात. आज तिथे राजभवन दिसतं, म्हणून तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीही तिथे राज्यकर्त्याची मुलगी खिडकीत उभी असणार, असं कुणीतरी धरून चाललं.

गास्पार दियश या नावाचा कोळी कुठून आला? पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या परिसराला जुनी माणसं आजही गास्पार दियश म्हणतात. तिथे त्याच नावाचा किल्ला होता, १८३५ च्या बंडाळीत तो उद्ध्वस्त झाला. हा किल्ला उभा राहिला १६०० च्या आसपास. दोना पावला गोव्यात पाय ठेवते १६४४ मध्ये. म्हणजे तिच्या येण्याआधी चाळीसेक वर्षं ते नाव तिथल्या किल्ल्याला पडलेलं होतं. मिरामार आणि दोना पावला शेजारी शेजारी, एकाला पुरुषाचं नाव, एकाला बाईचं. दोन पाट्या जोडून प्रेमकहाणी तयार झाली आहे.

पुतळ्याबद्दल फार लिहायला नको. तो जर्मन शिल्पकार इर्सा फॉन लाइस्टनर यांनी घडवला, १९६९ चा आहे, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरचा. त्यातल्या दोन आकृती भारतमाता आणि तरुण भारत यांच्या आहेत. जवळ जाऊन नीट बघा, दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. प्रेमिकांचं शिल्प करणारा माणूस त्यांना असं बसवणार नाही. पण फोटो काढताना बहुतेक जण पुतळ्याला पाठ करून उभे राहतात, मग लक्षात कसं येणार? त्यात १९८१ च्या ‘एक दुजे के लिए’ या सिनेमाचं चित्रीकरण याच जेटीवर झालं, त्या सिनेमातल्या जोडीचा शेवटही मरणात होतो, आणि जुन्या दंतकथेला नवं बळ मिळालं.

आता मोत्यांची माळ. ही माळ खरं तर दुसऱ्याच गोष्टीतली. त्या गोष्टीत दोना पावला अविवाहित मुलगी नाही, गव्हर्नरची प्रेमपात्र आहे, आणि त्याच्या बायकोने मत्सराने तिला विवस्त्र करून समुद्रात ढकलून दिलं, अंगावर फक्त त्याने दिलेली माळ राहिली. एका गोष्टीत उडी, दुसऱ्या गोष्टीत खून. एकीत व्हाइसरॉय बाप, दुसरीत गव्हर्नर यार. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तरी पोस्ट लिहिणाऱ्याने दोन्हींतला चटपटीत भाग उचलून एकत्र केला. मला राग येतो तो इथे. या भागात दोना पावलाची जी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती गरिबांना हात देणाऱ्या बाईची आहे. ओड्डावेल हे गावाचं जुनं नाव मागे पडून तिचं नाव लागलं ते त्या कृतज्ञतेपोटी, असं इथले लोक सांगतात. अशा बाईला लाटांतून उघडीवाघडी वर काढायची आणि त्यावर लाइक मिळवायचे, हे मला सहन होत नाही. तिच्या जागी आपल्या घरातली कुणी आजी असती तर हे खपवून घेतलं असतं का?

त्याच पोस्टमध्ये कासावलीजवळच्या कुयेलीचं ‘तीन राजांचं कपेल’ही असतं. तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडले, होल्गर नावाच्या राजाने बाकी दोघांना जेवणात विष घातलं, मग स्वतःही घेतलं, आणि तिघांची भुतं टेकडीवर फिरतात, असा दावा. गोव्यात पोर्तुगीज राजा कधी राहतच नव्हता, राजा लिस्बनला आणि इथे त्याचा व्हाइसरॉय. होल्गर हे नावही पोर्तुगीज नव्हे, स्कॅंडिनेव्हियाकडचं. हे तीन राजे म्हणजे बायबलमधले, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष, मागी. दरवर्षी ६ जानेवारीला तिथे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतं आणि कासावली, आरोशी, कुयेली या तीन गावांतली तीन मुलं राजे बनून घोड्यावरून टेकडी चढतात. सोहळ्याचं मूळ ठाऊक नसलेल्याने राजांना मारून टाकलं.

कुणी म्हणेल, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना हसायला लिहिताय. नाही. आपल्याकडे गावाची राखण करणारा राखणदार आहे, देवचार आहे. शेताच्या बांधावर त्याला रोटाचा नैवेद्य ठेवणाऱ्या माणसाची श्रद्धा मी लहानपणापासून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. ती श्रद्धा गावाची आहे, तिच्यात माणूस आणि जागा यांचं नातं आहे, आणि ती कुणा मेलेल्या बाईची बदनामी करत नाही. दोना पावलाची ही गोष्ट मात्र नाव, ठिकाण आणि नातं देऊन इतिहास म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिला तारखा विचारायलाच हव्यात.

तेव्हा ही पोस्ट तुमच्या ग्रुपवर आली तर खाली एवढं लिहा: विवाह १६५६, मृत्यू १६८२, थडगं काबोच्या कपेलात, पुतळा १९६९ चा आणि तिचा नव्हे. टुरिस्ट टॅक्सी चालवणाऱ्या आमच्या भावांनाही हेच सांगणं आहे. पाहुण्याला गोष्ट हवी असते हे मान्य, पण जाफन्याहून आलेली, इथेच संसार केलेली आणि अख्ख्या गावाला स्वतःचं नाव देऊन गेलेली बाई ही गोष्टही जेटीपर्यंतच्या वाटेत सांगून होते.