केसांची बट आणि व्हॉट्सॲपचा निकाल

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : केसांची एक बट दिली की पाच वर्षांत कोणत्या दिवशी कोणती गोळी किती घेतली ते कळतं, म्हणून रक्त-लघवीची घाई नको, टक्कल केलं की पुरावा संपला, आणि केसांत औषध सापडलं की गुन्हा शाबीत.

यातलं ‘घाई नको’ सर्वांत घातक. कोणी पेयात गुंगीचं औषध कालवलं असेल, तर ते रक्तात बहुतेकदा एक-दोन दिवसच राहतं. लघवीत काही औषधं चार-पाच दिवस सापडतात, काही मात्र बारा तासांतच निघून जातात. केसाचं गणित उलटं आहे. औषध रक्तातून केसाच्या मुळात उतरतं आणि तो भाग त्वचेबाहेर यायलाच आठवडाभर लागतो. एकदाच दिलेल्या औषधासाठी केस महिन्याभरानंतर घेतात, तेही रक्त-लघवीला जोड म्हणून. हा मेसेज वाचून एखाद्या मुलीने मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत जायला दोन दिवस उशीर केला, तर तिचा पुरावा कायमचा जाऊ शकतो. मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढा तरी विचार करा.

दिवस आणि डोस? डोक्याचा केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, त्यावरून महिन्यांचा अंदाज येतो, तारीख नाही. त्यात नागपूरच्या मे महिन्यासारखा घाम असला तर औषध केसाच्या इतर भागांतही पसरू शकतं. काळ्या केसांतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य काही औषधं जास्त धरून ठेवतं. त्यामुळे सापडलेल्या प्रमाणावरून गोळ्या मोजता येत नाहीत. पाच वर्षांसाठी तर 60 सेंमी केस हवेत.

टक्कल केलं तरी अंगावरचे केस आणि नखं उरतात. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिमी वाढतं, पायाचं जेमतेम 1 मिमी. नख जाडीतही वाढतं, म्हणून काळाचा अंदाज आणखी ढोबळ.

राहिलं ‘गुन्हा शाबीत’. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळीही केसांत दिसते. बाहेरून लागलेलं औषध वेगळं काढायला प्रयोगशाळा केस आधी धुते, मग शरीरात तयार होणारे त्या औषधाचे घटक शोधते. ते कोणी आणि का दिलं, हे अहवालात नसतं. ते तपासात ठरतं. आणि घरी कापून पाकिटात घातलेली बट चालत नाही. टाळूच्या मागच्या भागातून त्वचेलगत कापून, मुळाकडचं टोक खूण करून, सीलबंद नमुना पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत जातो.