'खुर्चीत बसून' म्हणणाऱ्या वाचकांना

वस्तू कोण, कशी वापरणार हा हेतू आधी विचारावा, मापं नि ड्रॉइंग नंतर, असं मी 'हेतू आधी, ड्रॉइंग नंतर' या लेखात म्हटलं होतं. त्याखाली एका वाचकांनी लिहिलंय: "लोट्याचा आकार कुणी उद्दिष्ट ठरवून काढला नव्हता, तो हातांनी घडत गेला. खुर्चीत बसून हेतूचं तत्त्वज्ञान सांगणं सोपं असतं. आणि एनआयडी 1958 ची नव्हे, 1961 ची."

साल माझं चुकलं. 1958 हे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याच्या भारतातल्या डिझाइनवरच्या अहवालाचं साल. त्यावरूनच पुढं एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था, अहमदाबादला 1961 मध्ये निघाली. लेखात दुरुस्ती केलीय, आभार.

पण 'खुर्चीत बसून'? ओळखता का हो मला? 26 वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायच्या लाकडी नमुन्याच्या, बाकापाशी उभा आहे मी. मतभेद असू द्यात की, हे असलं तुसडं बोलणं कशाला?

नवा होतो तेव्हा पंपाच्या ब्रॅकेटचा सागवानी पॅटर्न माझ्याकडे आला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून शेकडा एक धरून 300 मिमीचे 303 केले. वाळूतून अलगद सुटावा म्हणून बाजूंना उतार दिला. कास्टिंग मापात आलं, मिस्त्रींनी पाठ थोपटली. आठ दिवसांनी खानापूरकडचे एक शेतकरी तेच ब्रॅकेट पोत्यात घालून दारात उभे. पंप विहिरीच्या भिंतीला लागून. मागच्या बोल्टवर पाना चढायचा, पण फिरायचा नाही, ब्रॅकेटची बरगडी, म्हणजे आधाराची पट्टी, आड यायची. दोन बोटं जागा कमी पडली. ड्रॉइंगमधलं एकूणएक माप मी पाळलं होतं. हा बोल्ट कोण आवळणार, कुठं उभा राहून, हे मात्र विचारलंच नव्हतं. उद्दिष्ट गाठलं, हेतू राहून गेला आणि त्यांच्या उसाचं पाणी चुकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या विहिरीवर गेलो, पाना हातात घेऊन बोल्टपाशी वाकून बघितलं, मग बरगडी सरकवली.

आता लोटा. तो एका कुणाचा नाही हे ईम्सच म्हणतात, ते मान्य. पण त्याच अहवालात पुढं प्रश्न आहेत: पाणी किती मावावं, हात केवढा नि किती ताकदीचा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडावी. हे हेतू नाहीत तर काय आहे? एकाच्या डोक्यात नव्हते, पिढ्यांच्या हातात होते.

कॉम्प्युटरवरच्या डिझाइनबद्दल आणि माझ्या कानडी वळणाच्या मराठीबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. त्यात शिरत नाही. आमच्याकडे असंच बोलतात. पुन्हा लिहा, पण लेख शेवटपर्यंत वाचून.