गणितात बीएस्सी करायचीय? मग गणिताच्या वाटेला जाऊ नका

बारावीला गणितात नव्वदच्या वर पडले म्हणून बीएस्सीला गणित घेताय? उत्तम. ठाण्यातल्याच एका कॉलेजात तिसरं वर्ष ढकलणाऱ्या माझ्यासारखीकडून चार गोष्टी ऐकून ठेवा. मागच्या गुरुवारीच इंटर्नलचे पेपर हातात मिळालेत, त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे.

पहिलं म्हणजे पुस्तक विकत घेऊ नका. स्टेशनबाहेर झेरॉक्सवाला बसलाय. 'टीवायचं मॅथ्स' एवढंच म्हणा, स्पायरल मारून हातात देतो. त्या नोट्स कोणी लिहिल्या, कधी लिहिल्या, विचारायचं नाही. एका पानावर एप्सिलॉनच्या (ε या ग्रीक अक्षराच्या) जागी चक्क ३ पडलाय. तो ३ तसाच पाठ करा आणि पेपरातही ३ च लिहा. तपासणाऱ्यांच्या प्रतीतही ३ च आहे.

वर्गात शंका विचारू नका. पोर्शन राहतो.

हळदीकुंकवाला काकू विचारतील, "गणित घेऊन पुढे काय, शिक्षिका होणार?" हो म्हणून तिळगूळ घ्या. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करता करता कापरेकरांनी ६१७४ चं कोडं शोधलं, कोणतीही चार आकडी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या नि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतात, वगैरे सांगायला गेलात तर काकू शांतपणे विचारतील, "पण पगार किती होता?"

सहा जण मिसळ खायला गेलात की बिल तुमच्यापुढे सरकणार. सहाही जणांच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतो. तरीही.

आता मुख्य सल्ला: सिद्धता स्वतःची लिहू नका. नोट्समधलीच लिहा, स्वल्पविरामासकट. माझंच बघा. प्रश्न होता, २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करा. पाच मार्क. नोट्समध्ये नेहमीचीच आहे, वर्गमूळ p/q आहे आणि p, q ला सामाईक अवयव नाही असं मानायचं, मग दोन्ही सम निघतात, विसंगती. मला वाटलं, जरा वेगळी लिहू. p² = २q² मानलं. दोन्ही बाजूंचे मूळ अवयव पाडले. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ संख्या सम वेळा येते, म्हणून डावीकडे २ सम वेळा आणि उजवीकडे एक जास्तीचा, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येचे मूळ अवयव दोन वेगळ्या तऱ्हेने पडत नाहीत. संपलं. चार ओळी. कुठे चूक आहे, दाखवा! मी तपासणाऱ्यांकडे पेपर घेऊन गेले, तर उत्तर काय? "नोट्समध्ये असं नाहीये." अहो, नोट्समध्ये नाही हे मलाही माहीत आहे, म्हणूनच तर लिहिलं! पाचपैकी शून्य. चुकीला शून्य दिलं असतं तर मुकाट घेतलं असतं, पण ही ओळ कुठे फसते ते बोट ठेवून सांगा की. नाही सांगितलं. पेपर परत गठ्ठ्यात गेला.

आणि खरा राग त्याचाही नाही. मी जागेवर येऊन बसले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "कशाला शहाणपणा केलास?"

म्हणजे तुम्हीच, माझ्या वर्गातले. चाळीस जण बसला होतात, एकालाही वाटलं नाही की सिद्धता एकदा वाचून बघावी, बरोबर आहे का चूक. तीन वर्षं गणित शिकताय आणि बरोबर काय ते गाईड उघडून ठरवता? कोणी नवीन काही फळ्यावर मांडलं की तुमचा एकच प्रश्न, "हे परीक्षेला आहे का?" शिकवणाऱ्यांना नावं ठेवायला कॅन्टीनमध्ये सगळ्यात पुढे, आणि कुणी बाजू घ्यायची वेळ आली की खाली माना. लाज वाटायला हवी. पाठच करायचं होतं तर दुसरं काहीही घ्यायचंत, इथे कोणी बोलावलं होतं?

ग्रुपवर पुन्हा आयएमपी प्रश्न मागू नका, मी पाठवणार नाही. आणि माझी ॲनालिसिसची वही ज्याच्याकडे आहे त्याने सोमवारी आणून द्यावी. झेरॉक्स न काढता.