मेला नाहीये तो, बेशुद्ध आहे!
फोनचं अपडेट अर्ध्यात फसलं, स्क्रीन काळी झाली, की लगेच निदान तयार: ‘मदरबोर्ड गेला, बदला.’ अहो, आधी संगणकाला जोडून तर बघा! विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) ‘क्यूडीलोडर ९००८’, म्हणजे चिपचा आणीबाणीचा मोड, दिसलं, तर क्वालकॉमची चिप जिवंत आहे. बिघडलाय तो बहुतेक वेळा नुसता बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्रॅम. आणि केबल डेटावाली घ्या, फक्त चार्जिंगची नको. हबमधून तर नकोच, थेट पोर्टात लावा.

त्याहून वैताग आणतात ते फोनमध्ये हाताला लागेल ती फर्मवेअरची (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरची) फाइल ओतणारे. ‘मॉडेल तेच आहे ना?’ नाही! मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षरसुद्धा जुळायला हवं. जुनी आवृत्ती टाकली की अँटी-रोलबॅक, म्हणजे मागच्या आवृत्तीवर जाऊ न देणारं कुलूप, आडवं येतं आणि फास्टबूटपर्यंत (दुरुस्तीच्या मोडपर्यंत) येणारा फोनही कायमचा गप्प होऊ शकतो.

मीडियाटेक चिपच्या फोनवर फ्लॅश टूलमध्ये (फर्मवेअर भरायच्या प्रोग्रॅममध्ये) ‘फॉरमॅट ऑल’ दाबणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. एनव्हीरॅम, म्हणजे फोनची ओळख साठवणारा भाग, पुसलं, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) गेला. फोन सुरू होतो, पण सिमला नेटवर्क नाही. ‘डाउनलोड ओन्ली’ त्याच यादीत असतं हो. दाबण्याआधी वाचा की जरा!